परकार सरांचा 'द'

परकार सर कुठल्याही नव्या माणसाला भेटले की आधी त्याचं नाव विचारायचे. नाव कळेपर्यंत पुढचं वाक्य बोलायचे नाहीत. समोर कंपनीचा डायरेक्टर असो, नाहीतर खांद्यावरून पाण्याचा जार आणणारा कामगार. नाव दोनदा उच्चारून बघायचे, चुकलं तर त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायचे आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहून ठेवायचे. मी कुवेतला नवा होतो. मला वाटलं, कोकणी माणसाची चौकशीची खोड. "नाव काय रे तुझं? नाशिकचा काय? बरं झालं, मराठी बोलायला कोणीतरी आला," असं म्हणत त्यांनी माझंही नाव वहीत उतरवलं. हाक मात्र शेवटपर्यंत 'नाशिककर' अशीच मारली.

रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचं त्यांचं गाव. तिथल्या हायस्कुलात काही वर्षं इंग्रजी शिकवलं, मग मेहुण्याच्या ओळखीने इकडे आले. आमची कंपनी फहाहीलच्या पुढे, तेलाच्या प्लांटमधली यंत्रं सांभाळणारी ठेकेदार कंपनी. कंपनीतून बाहेर जाणारा प्रत्येक रिपोर्ट सरांच्या हाताखालून जायचा. मी इंजिनिअर, पण माझं इंग्रजी सरांच्या हिरव्या शाईत न्हाऊन निघाल्याशिवाय कधी पुढे गेलं नाही. लाल शाई ते वापरायचे नाहीत. "लाल शाई माणसाला शाळेत परत पाठवते रे. पन्नाशीतल्या फोरमनला कशाला शाळेत पाठवू?"

शिडशिडीत अंगाचे, मेंदीने रंगवलेली दाढी, डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात बारा महिने काळी छत्री. कुवेतमध्ये पाऊस तो किती! पण छत्री उन्हासाठी. राहायचे फरवानियात आणि कपडे धुवायला द्यायचे जलीबला, तीन मैलांवर, बसने जाऊन. फरवानियात त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावरच लॉन्ड्री होती. मी एकदा चेष्टा केली, "सर, जलीबची इस्त्री काय सोन्याची आहे का?" ते हसले नाहीत. "त्याचा हात चांगला आहे," एवढंच म्हणाले.

त्यांचा जीव होता दोन शब्दांवर. 'ए' आणि 'द'. इंग्रजीतली ही दोन चिल्लीपिल्ली आपण मराठी माणसं हव्या तिथे टाकतो, नको तिथे गाळतो. रिपोर्टमध्ये कोणी 'मॅन केम' लिहिलं की सर कागद घेऊन टेबलाशी येऊन उभे राहायचे. "कोणता माणूस? मला माहीत असलेला की नसलेला? आधी ओळख करून दे." आपल्या भाषेवर त्यांचा राग नव्हता, पण तक्रार होती. "आपल्याकडे दाराशी पहारेकरी नाही. 'माणूस आला' म्हटलं की झालं. कोण आला, कुठला आला, काही पत्ता नाही. इंग्रजी कसं, अनोळखी आला तर त्याच्यासोबत 'ए' पाठवते. एकदा आत येऊन बसला की तोच 'द' होतो."

"आणि नाव माहीत असेल तर?" मी विचारलं होतं.

"नाव माहीत असेल तर दोघांचीही गरज नाही. नाव एकटं चालत येतं."

मी आल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात स्वीडनहून सहा इंजिनिअर आले. नवी मोठी यंत्रं त्यांच्या देशातली, ती बसवून दाखवायची होती. त्यांचं इंग्रजी आमच्यापेक्षा कितीतरी सफाईदार, तरी रोजच्या नोंदीत विचित्र ठेचा लागायच्या. 'आय ॲम इंजिनिअर.' 'द लाइफ इज हार्ड इन द हीट.' सरांना तर मेजवानीच मिळाली. त्यांनी साईट मॅनेजरकडून परवानगी काढली आणि जेवणानंतर अर्धा तास त्या सहा गोऱ्यांचा वर्ग सुरू केला. मीही मागे बसायचो, एसी जोरात असायचा म्हणून.

आठवड्याभरात सर त्यांच्या भाषेतलं कोडं सोडवून आले. "नाशिककर, ऐक. यांच्याकडे दोन्ही आहेत. 'ए' आपला पुढेच चालतो. पण 'द' शब्दाच्या शेपटीला चिकटवतात. गाडी म्हणजे बील, आणि ती गाडी म्हणजे बीलेन. माणूस म्हणजे मान, तो माणूस म्हणजे मान्नेन. यांचा 'द' पाठीमागून येतो." ते वर्गात पाण्याची बाटली घेऊन उभे राहायचे. ही 'ए बॉटल'. मग ती टेबलाखाली लपवायचे आणि विचारायचे, "व्हेअर इज...?" सहाही जण एका सुरात ओरडायचे, "द बॉटल!" धंदा सांगताना यांच्या भाषेत 'ए' गळतो, आणि आयुष्य, निसर्ग, प्रेम असल्या मोठ्या गोष्टींना उगाच 'द' चिकटतो, हे सर बोटांवर मोजून सांगायचे. "आयुष्य कोणाच्या ओळखीचं असतं? त्याला 'द' लावू नका." स्वीडिश लोक खो खो हसायचे.

त्यातला एमिल सगळ्यांत हुशार. तिशीतला, पिंगट केसांचा, कमी बोलणारा. कुवेतला पहिल्यांदाच आलेला. त्याआधी आखाती देशात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. सहा आठवड्यांत त्याच्या नोंदी इतक्या स्वच्छ झाल्या की सर हिरवं पेन न उघडताच त्या पुढे सरकवायला लागले.

उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायला इथे मनाई असते. त्या वेळात सगळं यार्ड रिकामं. पत्र्यावर ऊन असं पडतं की सावलीलाही जागा राहत नाही. एमिल त्या वेळी पोर्टा केबिनमध्ये बसून यंत्राचे आकडे टिपायचा. त्याच्या खिडकीसमोर जुन्या टाक्यांची रांग होती. वापर थांबलेल्या, झाकणं नटबोल्टने बंद केलेल्या.

एके दिवशी त्याच्या नोंदीत आकड्यांच्या खाली एक वाक्य आलं. 'द मॅन इज स्टँडिंग बाय टँक थ्री.' सरांनी 'द' खोडून 'ए' केला आणि समासात लिहिलं, 'पहिल्यांदाच उल्लेख.' दुसऱ्या दिवशी तेच वाक्य, तोच 'द'. सरांनी परत खोडलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा आलं तेव्हा ते कागद हातात धरून बराच वेळ बसले. मी त्यांच्या शेजारीच होतो.

"चुकला असेल," मी म्हणालो.

"तू चुकशील. मी चुकेन. रशियन माणूस चुकेल, त्यांच्याकडेही हे दोन शब्द नाहीत. स्वीडनचा माणूस हे चुकायचा नाही. हा फरक त्याच्या आईने त्याला शिकवलाय. तो दुसरीकडे चुकेल, इथे नाही." त्यांनी एमिलला बोलावलं.

एमिल आला आणि समोर खुर्चीत बसला. सरांनी वाक्यावर बोट ठेवलं. तो शांतपणे म्हणाला की त्याला नियम माहीत आहे. त्याने आधी 'ए'च लिहिलं होतं, मग खोडलं. 'ए' लिहिल्यावर ते खोटं वाटलं.

"तू त्याला ओळखतोस?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग 'द' कसा?"

एमिलने सरांकडे सरळ बघितलं. "तुम्हीच शिकवलंत ना. वाचणाऱ्याला माहीत असेल तर 'द'. ही नोंद तुम्ही वाचता. तो असा उभा असतो की तुम्ही त्याला ओळखत असणार."

सरांनी पेनचं टोपण लावलं. दिसतो कसा, त्यांनी विचारलं. निळा बॉयलर सूट, एमिल म्हणाला. हेल्मेट नाही. एक बाही वर केलेली, पार खांद्यापर्यंत.

"कुठली बाही?"

एमिलने क्षणभर डोळे मिटले. "डावी."

सरांचा चेहरा असा झाला की एमिल उठून उभा राहिला आणि त्याने पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला सर माझ्या टेबलाशी आले, हातात छत्री. "चल जरा. एकट्याने जायला नको वाटतं."

केबिनपासून तीन नंबरची टाकी शंभरेक पावलं. बाहेर पडलो आणि डोळे मिटले गेले. उष्णता वरून येत नव्हती, सगळीकडून दाबत होती. यार्डात चिटपाखरू नव्हतं. मागे वळून पाहिलं, तर केबिनच्या खिडकीत एमिल उभा होता, हाताची घडी घालून.

टाकीपाशी सरांनी छत्री मिटली. टोपी काढून खिशात ठेवली. त्या उन्हात उघड्या डोक्याने उभं राहणं म्हणजे वेडेपणा. टाकीच्या पार पलीकडच्या टोकाकडून आवाज येत होता. टक. टक. टक.

"लोखंड तापलंय, सर," मी म्हणालो. ते खरंच होतं. तापलेलं लोखंड असं वाजतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं.

"हो. लोखंडच आहे," सर म्हणाले. मग टाकीकडे तोंड करून, ओळखीच्या माणसाशी बोलावं तसे हिंदीत म्हणाले, "यादय्या, मैं परकार. पहचाना?"

आवाज थांबला.

मला आजही सांगता येत नाही किती वेळ. माझ्या मानेवरचा घाम गार झाला, एवढं आठवतं. पन्नास अंशांच्या उन्हात. सर हळू आवाजात म्हणाले, "याद है. सब याद है. मैं जाके बोलता हूँ." आणि तेव्हा आवाज परत आला. एकदाच. पण पलीकडच्या टोकाकडून नाही. आमच्या समोरच्या झाकणातून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून.

सर छत्री उघडायची विसरून तसेच परत निघाले.

गाडीत एसी लावून बसल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. यादय्या तेलंगणातल्या एका खेड्यातला, टाक्या साफ करणाऱ्या टोळीत होता. त्याच्या डाव्या दंडावर आईने बांधलेला ताईत होता. बाही त्यावर दाबली की टोचायचा, म्हणून बाही कायम वर. एका दुपारी कंपनीच्या एका इंजिनिअरने त्याला तीन नंबरच्या टाकीत उतरायला सांगितलं. आत वायू होता का, हे कोणी तपासलं नव्हतं. तो परत आला नाही.

फोरमनने मोडक्या इंग्रजीत रिपोर्ट लिहिला. त्यात यादय्याचं नाव होतं, इंजिनिअरने सांगितल्याचं वाक्य होतं आणि अंगावर सापडलेल्या वस्तूंची यादी होती. "तो कागद माझ्याकडे आला," सर म्हणाले. "तेव्हाचा मॅनेजर म्हणाला, रिपोर्टात नावं नकोत, आणि हे सांगितलं-बिंगितलं काढून टाक. मी काढलं. यादय्याच्या जागी लिहिलं, 'ए वर्कर'. पहिल्या वाक्यात 'ए', दुसऱ्या वाक्यातही 'ए', तिसऱ्यातही. दुसऱ्यात 'द' यायला पाहिजे, हे मला माहीत नव्हतं काय? पण 'ए' ठेवला की तो कोणीच राहत नाही. शेवटी लिहिलं, कोणी न सांगता तो स्वतःहून आत गेला. व्याकरण एकदम चोख."

"तेव्हा तुम्ही काय करणार होतात, सर?" मी म्हणालो. "नोकरी..."

"तेच म्हणत अकरा वर्षं काढली."

यादय्याला टाकीत उतरवणारा तो इंजिनिअर आता आमचा साईट मॅनेजर होता. सर त्याच संध्याकाळी त्याच्या केबिनमध्ये गेले आणि रिपोर्ट दुरुस्त करायची मागणी केली. मी काचेबाहेर होतो. मॅनेजर आधी हसला, मग उठून त्याने दार लावून घेतलं. बाहेर आल्यावर सरांनी मला त्याचं वाक्य सांगितलं: "परकारसाब, ग्यारह साल बाद 'ए' का 'द' करके क्या मिलेगा?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"'द' नको म्हटलं. नाव पाहिजे."

गुरुवारी त्यांनी मला गाडी काढायला सांगितली. जलीबला जायचं होतं. त्यांच्या मांडीवर प्लास्टिकची फाईल होती. इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, जुन्या प्रतींखाली त्यांनी फोरमनचा मूळ कागद जपून ठेवला होता. गल्लीत गाडी घुसेना, म्हणून लांब लावून चालत गेलो. एका खोलीत दहा-दहा माणसं राहतात असल्या इमारती, खाली बकाला म्हणजे किराणा दुकान, सलून, मोबाईलची दुकानं. सर थांबले त्यांच्या लॉन्ड्रीपाशी. आत एक माणूस वाफेच्या इस्त्रीने शर्ट दाबत होता.

"नमस्ते सर. आज कपडा नहीं लाया?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. येताना गाडीत सरांनी ज्याचं नाव घेतलं होतं तो हा नरसय्या, यादय्याचा धाकटा भाऊ. अकरा वर्षं सर दर गुरुवारी त्याच्यासमोर उभे राहत होते, आणि दर गुरुवारी शर्टांची पिशवी ठेवून परत येत होते.

"नरसय्या, तुम्हारे भाई का बात करना है," सर म्हणाले.

नरसय्याने इस्त्री उभी ठेवली. सरांनी कागद काढला आणि एकेक ओळ हिंदीत सांगत गेले. कुठलीच ओळ त्यांनी गाळली नाही. स्वतः काय खोडलं तेही सांगितलं. नरसय्या मध्ये एकदाच बोलला.

"वो अपने मर्जी से नहीं गया?"

"नहीं. उसको भेजा था."

नरसय्या स्टुलावर बसला. कंपनीचं पत्र गावी गेलं तेव्हा घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला होता, असं त्याने सांगितलं. स्वतःहून आत गेला म्हणजे जीव द्यायला गेला. गावात तीच बोलवा झाली. आई अकरा वर्षं एकच विचारतेय, माझ्या पोराला असं काय दुःख होतं की त्याने मला सांगितलं नाही?

त्याने तिथेच व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर म्हातारी दिसली, पांढरे केस, मागे निळी भिंत. नरसय्या तेलुगूत बराच वेळ बोलला. म्हातारी रडली नाही. तिने एक प्रश्न विचारला. नरसय्याने सरांकडे वळून भाषांतर केलं, "अम्मा पूछती है, ताईत था? हाथ पे था?"

मला आधी कळलं नाही. मग समजलं. मरायला निघालेला माणूस आईचा ताईत काढून ठेवतो.

सरांनी कागद उलटला. वस्तूंच्या यादीत चौथ्या ओळीवर फोरमनने लिहिलं होतं, 'वन अम्युलेट लेफ्ट आर्म'. त्यातला 'वन' खोडून कोणीतरी हिरव्या शाईत 'ॲन' केला होता. सगळी यादी नंतर रिपोर्टातून गळली, पण ती दुरुस्ती कागदावर तशीच होती.

"था," सर म्हणाले. "हाथ पे ही था. मैंने खुद लिखा है."

नरसय्याने ते आईला सांगितलं. तेव्हा ती रडायला लागली. दुकानात शर्ट घ्यायला आलेला माणूस दारातूनच परत गेला.

सरांनी सगळं लिहून, कागदाची प्रत जोडून वकिलातीत दिलं, कंपनीच्या मुख्य कचेरीतही दिलं. पुढे चौकशी झाली असं कानावर आलं, मॅनेजर रजेवर गेला आणि परत आला नाही. त्याआधीच सरांचा करार संपवण्यात आला होता. 'नूतनीकरण होणार नाही,' अशा एका ओळीचं पत्र. सरांनी ते मला वाचायला दिलं आणि म्हणाले, "इंग्रजी बरोबर आहे."

एमिलने नंतर त्या माणसाबद्दल काही लिहिलं नाही. मी एकदा न राहवून विचारलं, तो आता दिसतो का? तो म्हणाला, "जलीबला तुम्ही गेलात त्या दिवसापासून टाकीपाशी नाही." मग म्हणाला, "परकारसरांच्या ऑफिसातल्या खोलीबाहेर असतो. दाराशी. वाट बघत असल्यासारखा." मी हे सरांना सांगितलं नाही. सांगायची गरज होती असंही वाटत नाही. त्या शेवटच्या आठवड्यात सर आपल्या खोलीचं दार उघडंच ठेवत होते.

निघायच्या दिवशी मी त्यांना एअरपोर्टवर सोडायला गेलो. ट्रॉलीवर एक बॅग आणि दोरीने बांधलेलं खोकं. तिकीट बघून मी दचकलो. मुंबईचं नव्हतं, हैदराबादचं होतं.

"घरी नाही जात?"

"जाणार. आधी तिकडे. त्या बाईला समोर बसून सांगितलं पाहिजे. फोनवर कसलं सांगणं?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि त्याला तिथवर पोचवायला नको काय?"

मी हसायचा प्रयत्न केला. ते हसत नव्हते.

दुपारची वेळ होती. आत जायच्या सरकत्या काचेच्या दाराशी आम्ही निरोप घेतला. ते ट्रॉली ढकलत गेले, दार बाजूला झालं, आणि आत न शिरता ते कडेला सरकून उभे राहिले. मला वाटलं काही विसरलं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उंबऱ्यात कोणीच नव्हतं, तरी दार मिटलं नाही, उघडंच राहिलं. सरांनी मान किंचित लववली, पाहुण्याला पुढे जाऊ द्यावं तशी, आणि मग स्वतः आत गेले. त्यांच्या पाठोपाठ दार बंद झालं.